अव्वाचं विरजण

निलांबिका हत्तुरेच्या बोटांना रेशीम घाबरायचं. ब्लाउजपीस हातात घेतला की बोटांच्या भेगांत धागा अडकायचा, ओढला जायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापडावर बारीक चुणी पडायची. म्हणून सोलापुरातल्या त्या दोघींच्या शिवणदुकानात वाटणी ठरलेली. रेशीम कस्तुरीकडे, सूत निलूकडे. बेतायचं आणि कापायचं काम आता यंत्र करायचं, पण हूक लावायला, अस्तर जोडायला आणि गिऱ्हाइकाची समजूत घालायला माणूसच लागायचं.

"निलूअक्का, तुमचे हात म्हणजे आपली कडक भाकरी," कस्तुरी श्रीराम म्हणायची. "शेंगाचटणी लावून ठेवा, कुणीतरी उचलून खाईल."

"खाऊ दे की. तेवढंच वजन उतरेल माझं."

निलू हसायची, कारण रडून झालेलं होतं. लहानपणापासून तिची कातडी कोपराच्या आत, मानेवर, बोटांच्या सांध्यांवर फुटलेली असायची. नागपंचमीला फुगडीसाठी तिला कुणी हात देत नसे. पुढे बघायला आलेल्यांनी चहाचा कप घेता घेता हात पाहिले आणि 'कळवतो' म्हणाले. ते अजून कळवतच आहेत. ती आता सत्तेचाळीस वर्षांची होती. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात उन्हाळा सुरू व्हायचा आणि गणपतीपर्यंत हटायचा नाही. चौकाचौकांत तापमानाच्या खाली हवेतल्या ओलाव्याचा आकडा झळकायचा. तो वाचून लोक हळहळायचे, निलू खाजवायची.

घरी अव्वा आणि अप्पा. अव्वा म्हणजे गौरव्वा, निलूची आई. तिनं लेकीच्या अंगाला काय लावलं नसेल? खोबरेल, तूप, सायीत कालवलेली हळद, नंतर दुकानातून आणलेल्या मलमांच्या नळ्या. लावायची, फुंकर घालायची आणि खाज थांबेपर्यंत त्या खरबरीत मनगटावर हात ठेवून बसायची.

अप्पांचं वेगळं होतं. सिद्रामप्पा हत्तुरे जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात पारखी होते. यंत्रावरून टॉवेल उतरला की डोळे मिटून त्यावर हाताची पाठ फिरवायची आणि म्हणायचं, अव्वल, दुय्यम किंवा बाद. हाताच्या पाठीला जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते निलूवर कधी ओरडले नाहीत. तिचा हातही त्यांनी कधी हातात घेतला नाही. निलूनं लहानपणीच याचा अर्थ लावून टाकला होता. बाद.

*

डॉक्टर समीना बागवान यांच्या दवाखान्यात निलू अव्वाला घेऊन गेली, तेव्हा तिच्या पिशवीत मलमांच्या सात तऱ्हा होत्या. डॉक्टरांनी सगळ्या टेबलावर ओतल्या आणि पत्ते लावावेत तशा तीन ढिगांत लावल्या.

"निलूताई, कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी. विटांच्या मधला चुना म्हणजे तीन प्रकारची स्निग्धं, सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. तुमच्या भिंतीत विटा आहेत, चुना कमी आहे. मग आतलं पाणी बाहेर उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. कातडी चिडते, तुम्ही खाजवता, आणखी चुना पडतो."

मग त्यांनी ढिगांवर बोट ठेवलं. पहिला ढीग पाणी ओढून धरणाऱ्यांचा, ग्लिसरीन आणि त्याची भावंडं. दुसरा भेगा बुजवणाऱ्यांचा, ज्यात तीच तीन स्निग्धं. तिसरा वरून झाकण घालणाऱ्यांचा, पेट्रोलियम जेलीसारखा.

"नुसता पहिला ढीग सोलापुरात वापरायचा नाही. हवेत पाणीच नाही, तर ग्लिसरीन ओढणार कुठून? तुमच्याच आतून ओढतं आणि हवेला देऊन टाकतं. वर झाकण हवंच. वासाची, फेसाची सगळी बाद. आणि भेगा बुजवायच्या तर तिन्ही स्निग्धं मापात हवीत. एकच भरलं तर भिंत आणखी बिघडते."

"मापात लावूनही बघितलं," निलू म्हणाली. "आंघोळ झाली की धुऊन जातं. बाहेरून आणलेला चुना किती दिवस टिकणार?"

"म्हणूनच बोलावलं. चुना रोज बाहेरून आणण्यापेक्षा गवंडीच घरात ठेवून घेतला तर?"

गवंडी म्हणजे जिवाणू. निरोगी कातडीवर काही गरीब स्वभावाचे जिवाणू राहतात, आणि त्यांतले काही कातडीला तिचा चुना बनवायला मदत करतात, हे फार पूर्वीच कळलं होतं. नवीन शोध असा की ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर वसवता येतात. मात्र परक्याचे टिकत नाहीत, दोन आठवड्यांत निघून जातात. टिकतात ते आईचे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर पहिली वस्ती आईच्या अंगावरून होते, आणि कातडी ती ओळख विसरत नाही. आईच्या कोपराच्या आतून ते टिपून घ्यायचे, त्यांच्या खाण्यापिण्याच्या स्निग्धांत मिसळून लेप करायचा आणि रोज लावायचा. दर महिन्याला आईकडून ताजे घ्यायचे, कारण काचेच्या भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवले की ते गवंडीकाम विसरतात.

अव्वा इतका वेळ गप्प बसून ऐकत होती. "म्हणजे विरजण," ती म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "अगदी विरजण, अव्वा."

"मग देते की. पण दिवे लागायच्या आत यायचं घ्यायला. दिवेलागणीनंतर मी कुणाला विरजण देत नाही. घरातली बरकत जाते."

डॉक्टरांनी अव्वाची वेळ सकाळची लावून दिली. लेपाला कंपनीनं मोठं नाव दिलेलं होतं, पण त्या दवाखान्यात सगळे त्याला विरजणच म्हणायला लागले.

दिवाळीपर्यंत निलूच्या भेगा मिटल्या. एका दुपारी तिनं न बोलता कस्तुरीच्या ढिगातलं मोरपंखी रेशीम उचललं आणि हूक लावून परत ठेवलं. कस्तुरीनं कापड उजेडात धरून इंच न् इंच पाहिलं.

"झालं. आता माझं रेशीमही पळवणार तुम्ही."

आणि मग तीच निलूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

*

अव्वा पुढच्या वर्षी गेली. दोन दिवस छातीत दुखत होतं, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवलं. महिन्याचं विरजण घ्यायचं राहिलेलं म्हणून डॉक्टर बागवान यांची नर्स संध्याकाळी तिथंच टिपकागद घेऊन आली. अव्वानं खिडकीकडे पाहिलं. बाहेर दिवे लागले होते.

"आता नको ग, बाळ. उद्या सकाळी घे."

निलूनं आग्रह केला नाही. तिनं स्वतःही दिवेलागणीनंतर कुणाला विरजण दिलं नव्हतं. अव्वाची सकाळ उजाडली नाही.

लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून मूठमाती दिली. डॉक्टरांच्या शीतपेटीत अव्वाच्या आधीच्या दोन कुप्या शिल्लक होत्या.

अप्पांची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली होती आणि आठवण वरच्यावर उसवत होती. ते विचारायचे, "गौरव्वा कुठं गेली?" निलू सांगायची, "अप्पा, अव्वा वारली की." आणि त्यांचा चेहरा तिच्यासमोर कोसळायचा, जणू आत्ताच कळलंय. दुपारी पुन्हा विचारायचे, पुन्हा कोसळायचे. असं रोज एका माणसाला त्याच्या बायकोच्या मरणाची बातमी देणं निलूला जमेना. ती सांगायची, बाजारात गेलीय. मग ते दाराकडे कान लावून बसायचे आणि जेवायचे नाहीत. हात धरून घास भरवायला गेलं तर झिडकारायचे. "कोण बाई तुम्ही? नको. गौरव्वा येऊ दे."

पहिली कुपी उघडली त्या दिवशी निलूनं सकाळी अंगभर लेप लावला, भाकरी कुसकरून दूध घातलं आणि अप्पांच्या खुर्चीजवळ गेली. अप्पांनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"आलीस? किती वेळ लावलास ग."

त्यांनी तिचं मनगट धरलं. हाताच्या पाठीनं तिचा हात कोपरापर्यंत चाचपला, पुन्हा खाली आले. मग किंचित हसले आणि तोंड उघडलं, घास भरव म्हणून.

निलूला समजायला क्षणभर लागलं. मग तिनं आपलाच हात नाकाशी नेला. भाजलेल्या ज्वारीच्या पिठासारखा, किंचित आंबूस, उन्हात वाळलेल्या सुती लुगड्यासारखा वास. माणसाच्या अंगाचा वास म्हणजे त्याच्या अंगावरच्या जिवाणूंचीच करामत, हे डॉक्टर बोलता बोलता सांगून गेल्या होत्या. अव्वा होती तोवर घरभर तोच वास होता, म्हणून लेकीच्या अंगावर आलेला कुणाला कळला नाही. अव्वा गेली आणि तो फक्त निलूच्या कातडीवर उरला.

मी निलू, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा बापानं हात धरला होता.

"हं," ती म्हणाली. "आले."

*

त्यानंतर घर मार्गी लागलं. अप्पा जेवायला लागले, झोपायला लागले. दुपारी 'गौरव्वा'शी गप्पा मारायचे. कारखान्यात लागलेली आग, लग्नात हरवलेली चप्पल, मेहुण्याचा लबाडपणा. निलूला आईच्या संसारातल्या अशा गोष्टी कळायला लागल्या ज्या लेकीला कळायच्या नसतात, आणि मान खाली घालून ती हुंकार देत राहायची.

एकदा ते म्हणाले, "निलूला डॉक्टरकडे नेलंस का?"

निलूनं वाटी खाली ठेवली. "नेलं."

"पोरगी बोलत नाही, पण तिला वाटत असणार, बापाला आपली किळस येते. तसं नाही ग. माझा हात बघ की. टॉवेलावर फिरून फिरून त्याची पार वहाण झालीय. तिची ती कच्ची कातडी. मी धरलं आणि सोललं म्हणजे?" त्यांनी हाताची पाठ चोळली. "ती झोपली की मी हात फिरवून येतो. अंगावरून नाही, वरून. पांघरुणावरून. तू सांगू नकोस तिला."

"नाही सांगत," निलू म्हणाली.

तिला ओरडून सांगायचं होतं, अप्पा, मी इथंच आहे, धरा की. पण धरलेलाच होता त्यांनी तिचा हात, दुसऱ्या कुणाचा म्हणून. बोलली असती तर सोडला असता.

लेप संपत आला की ती हवालदिल व्हायची. एक दिवस काटकसर म्हणून नुसती जेली लावून अप्पांकडे गेली, तर त्यांनी ताट ढकललं. "ह्या बाई कोण? गौरव्वाला पाठवा."

शीतपेटीत एकच कुपी उरली होती. ती वापरली की अव्वा संपली. निलू स्वयंपाकघरात उभी राहून शिंकाळ्यातल्या दह्याच्या भांड्याकडे बघत होती. ते दही अव्वाच्या लग्नापासूनचं. अव्वाच्या आईनं दिलेल्या विरजणाचं. अव्वाची शिस्त होती, सगळं दही कधी संपवायचं नाही, चमचाभर मागं ठेवायचं, त्यातून उद्याचं लागतं. त्या चमचाभरावर ते एवढी वर्षं जिवंत होतं.

मग लेपाचं का नाही व्हायचं?

कंपनीच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं, घरी वाढवू नये. पण कंपनीच्या लोकांनी कधी दही लावलं असेल असं निलूला वाटलं नाही. तिनं दुकानातून तिन्ही स्निग्धांचं साधं, बिनवासाचं मलम आणलं, कोमट केलं, त्यात जुन्या लेपातला चमचाभर कालवला, स्टीलच्या डब्यात घालून अव्वाच्या जुन्या शालीत गुंडाळला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर अव्वाचा वास भपकन अंगावर आला. निलू तिथंच ओट्याला टेकून बसली. जमलं होतं.

दर आठवड्याला ती नवं लावायची. चमचाभर मागं ठेवून.

*

"अक्का, आज दुकानात ताकाचा वास यायलाय," कस्तुरी म्हणाली.

"तुझ्या डब्यात असेल."

"माझ्या डब्यात चिंचेचा पुलिहोरा भात आहे. वास तुमच्याकडून यायलाय. आणि कोपर का धरून बसलाय?"

कोपर लाल झालं होतं. बोटांच्या सांध्यांवर जुन्या भेगा परत डोकावत होत्या. कस्तुरीनं तिचा हात ओढून पाहिला आणि कातरी खाली ठेवली. "अंग भाजतंय तुमचं. उठा."

डॉक्टर बागवान यांनी तिच्या कातडीवर तपासणीचं एक चपटं यंत्र टेकवलं. पडद्यावर हिरवी दिसायला हवी ती भिंत ठिकठिकाणी तांबडी होती.

"निलूताई, कुपी एकच आहे माझ्याकडे. मग तुम्ही इतके दिवस काय लावताय?"

निलूनं सांगितलं. स्टीलचा डबा, शाल, पिठाच्या डब्यामागची ऊब. डॉक्टर आ वासून ऐकत राहिल्या.

"लेपाला विरजण लावलंत?"

"दह्याला चालतं."

"दही आपण खातो, निलूताई. चुकलं तर आंबट होतं, ओतून देतो." त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "अव्वांचे गवंडी त्यात होते. पण त्यांच्याबरोबर तुमच्या भेगांतले, ओट्यावरचे, पिठातले आणखी कितीतरी वाढले. त्यांतले काही भिंत बांधत नाहीत, खातात. ते रक्तात उतरले तर मी काही करू शकणार नाही. आज औषध सुरू करते, आणि सगळी कातडी साफ करून नवं वसवावं लागेल."

"ती कुपी द्या मला. अव्वाची."

"देते. चार महिने चालेल. पुढं?"

निलूनं बाही कोपरावर ओढून घेतली.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. कंपनीनं आता नवं विरजण काढलं होतं, कुणाच्याच आईचं नसलेलं. भांड्यात वाढूनही गवंडीकाम न विसरणारं. एकदा वसलं की जन्मभर हलत नाही. त्याला वास नाही. "तुमच्यासाठी तेच योग्य आहे. फक्त ते आडदांड आहे. जिथं जातं तिथल्या आधीच्यांना हुसकावून लावतं. अव्वांचं आणि ते एकत्र नांदणार नाही."

"म्हणजे अप्पा जेवणार नाहीत," निलू म्हणाली आणि मग सगळंच सांगून टाकलं. वास, मनगट, दुपारच्या गप्पा. पांघरुणावरून फिरवलेला हात मात्र सांगितला नाही. तो तिचा होता.

डॉक्टरांनी ते चपटं यंत्र पुसून ठेवलं. मग निलूनंच विचारलं, "डॉक्टर, परक्याचं टिकत नाही. नवरा-बायकोचं?"

"पन्नास वर्षं एका घरात, एका अंथरुणात?" डॉक्टर विचार करत म्हणाल्या. "अप्पांच्या कातडीवर अव्वांचे थोडे अजून असतीलच. नवे गेले तर ओळखीच्या घरी गेल्यासारखे राहतील. त्यांची कातडी म्हातारी, कोरडी, पण फुटलेली नाही. त्यांना पुरेल, असं वाटतं." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या. "निलूताई, मग तुम्ही त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही. कधीच नाही. तुमच्या अंगावरचं आडदांड त्यांच्या अंगावर गेलं, की अव्वा गेल्या."

"कळलं."

"विचार करा. हात बरे होतील तुमचे. पहिल्यांदा कायमचे. आणि तेव्हाच…"

"कळलं म्हटलं की," निलू म्हणाली.

*

नव्या अंगावर वसवायचं तर अख्खी कुपी वितळवल्या दिवशीच लावावी लागायची. पुलावर गर्दी होती. रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. निलूनं दवाखान्यातले रबरी मोजे घातले आणि अप्पांच्या पायाशी बसली.

"कोण?"

"डॉक्टरांनी पाठवलंय. गौरव्वाचं विरजण आणलंय तुमच्या हाताला."

अप्पांनी हात मागे घेतला. "दिवे लागले असतील. दिवे लागल्यावर विरजण घेत नाहीत न् देत नाहीत. गौरव्वा रागावते."

खिडकीबाहेर सगळा रस्ता उजळला होता. समोरच्या घरात देवापुढे घंटी वाजली.

"नाही लागले अजून," निलू म्हणाली. "ऊन आहे बाहेर."

त्यांनी हात पुढे केला. तिनं दोन्ही हातांना, कोपरांना, छातीला, मानेला तो थंड लेप हळूहळू चोळला. कुपीच्या तळाशी चमचाभर उरला. सवयीनं तिची बोटं तो मागं ठेवायला थांबली. मग तिनं तोही निपटून घेतला आणि त्यांच्या डाव्या मनगटाला लावला, बसल्या बसल्या नाकाशी नेता येईल असा.

*

पावसाळा कोरडा गेला. कंपनीचं नवं विरजण निलूच्या अंगावर पक्कं वसलं. निलूच्या हातांवरून आता कुठलंही रेशीम घसरायचं, एक धागा न अडकता. गिऱ्हाइकं तिच्याकडेच काम द्या म्हणायची. कस्तुरी म्हणायची, "आता माझीच कडक भाकरी झालीय, मला कोण विचारतंय?" आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहायची. निलूच्या अंगाला कसलाच वास येत नव्हता. सकाळी वेणी घालताना ती हात नाकाशी न्यायची, सवय म्हणून.

रबरी मोजे अप्पांना आवडेनात. "प्लास्टिक आहे," म्हणून ओरडायचे. तेव्हा तिनं अव्वाचं नेसून नेसून विरलेलं सुती इरकली लुगडं काढलं, आपल्या हाताच्या मापानं बेतलं आणि बारीक टाक्यांनी हातमोजे शिवले. यंत्राला दिलं नाही. रोज एक जोड उकळायचा, वाळवायचा, दुसरा घालायचा.

त्या दिवशी दुपार कलली होती. अप्पा खुर्चीत बसले होते, डावं मनगट नाकापाशी. त्यांचा चेहरा शांत होता. हल्ली ते गौरव्वा कुठंय असं विचारत नव्हते. ती असायचीच.

निलूनं ताट ठेवलं आणि भाकरीचा घास त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी खाल्ला. मग अचानक तिचा हात धरला, उलटा केला आणि डोळे मिटून त्यावर आपल्या हाताची पाठ फिरवली. मनगटापासून बोटांपर्यंत एकदा, परत एकदा. निलूनं बोटं सरळ केली.

"अव्वल," ते म्हणाले. "काय मऊ हात आहेत ओ तुमचे, बाई. अशी वीण आता होत नाही."

"हो का?"

"जन्म गेला माझा त्यात. मला कळतं." ते हात धरूनच होते. कापडाच्या आत तिची बोटं घामेजली होती. "कुणाच्या तुम्ही?"

"गौरव्वाची," निलू म्हणाली.

अप्पांनी मनगट नाकाशी नेलं, जणू खात्री करून घ्यायला. मान हलवली. "ती बोलली नाही मला. ऐकलंस का ग, तुझं माणूस आलंय. चहा टाक की." थोडा वेळ उत्तराची वाट पाहून ते पुन्हा निलूकडे वळले आणि आवाज खाली आणला. "माझी एक लेक आहे. तिचे हात बरे झाले, की तिलाही असं धरणार आहे मी."

निलूनं हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

त्यांनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं आणि तो अलगद तिच्या मांडीवर परत ठेवला, मोलाची वस्तू बघून झाल्यावर ठेवावी तसा.

"जा आता तुम्ही," ते म्हणाले. "दिवे लागायच्या आत घरी पोचा. आई वाट बघत असेल तुमची."

"जाते की," निलू म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.